चौकातला एका डोळ्याचा गणपती

आषाढ लागतो, पेणच्या चौकात बँकेचा फलक चढतो आणि माझ्या पोटात गोळा येतो. यंदा तर गोळा फलक वर चढायच्या आधीच आला. माणसं फलक ओल्या रस्त्यावर पसरून कडेच्या भोकांत दोरी ओवत होती. मी जोह्याहून आलेल्या एसटीतून उतरत होते आणि मला त्या पसरलेल्या फलकात आधी एक हात दिसला. ब्रश धरलेला हात. अंगठ्याच्या नखात पांढरा रंग. तो हात मी कुठेही ओळखेन. त्याने मला भरवलंय आणि वेळप्रसंगी थोबाडलंयही.

मग दोऱ्या ताणल्या, फलक उभा राहिला आणि माझी आई चौकावर आली. दुकानाच्या शटरएवढी. तिच्या शेजारी तेवढंच मोठं गणपतीचं तोंड. खाली ठळक अक्षरांत बँकेचं नाव, मोफत नेत्रशिबिर, कला सप्ताह, आणि त्याच्या खाली 'आम्ही दृष्टी देतो'.

गणपतीला एकच डोळा होता.

चौकात ते कुणाच्या लक्षात आल्याचं दिसलं नाही. रिक्षावाला काच पुसत होता, भाजीवाली प्लास्टिक झटकत होती. मला दिसलं, कारण मी गणपतीच्या कारखान्यात वाढलेली मुलगी आहे. आणि मला जे दिसलं ते आईला दिसलं तर काय होईल, या विचाराने मी एसटीच्या पायरीवरच थिजले. शेवटी मागून एक बाई म्हणाली, "सरक गो पुढं, धोंड्यासारखी काय उभी."

पत्रक लिहिणाऱ्याला भीती लिहिता येत नाही. पत्रकाला एकच पान. वर मथळा, मध्ये मागण्या, खाली 'आम्ही गप्प बसणार नाही'. हे शेवटचं वाक्य मी कॉलेजपासून लिहितेय. खाडीचा बांध फुटला तेव्हा लिहिलं, गावाची एसटी बंद केली तेव्हा लिहिलं, आणि दरवेळी लिहिताना माझे तळहात घामाने ओले असतात. वाक्यात 'आम्ही' असतं म्हणून निभावतं. 'मी गप्प बसणार नाही' असं लिहायला सांगितलं तर मी पेन खाली ठेवीन. ते पत्रकात सांगायची सोय नाही, म्हणून हे असं लिहायला बसले.

जोह्याला आषाढ-श्रावण कानांनी आणि नाकाने कळतो. बाहेर लावणीचा चिखल, आत पत्र्यावर पाऊस आणि त्या पावसाखाली रंगाच्या गनचा फस्स फस्स आवाज. थिनरचा वास भाकरीलाही लागतो. मांडणीवर ओळीने गणपती बसलेले, अंग रंगलेलं, पितांबर झालेलं, सोंडेवर नक्षी आलेली, आणि डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा सपाटा. लहानपणी मी त्या ओळीसमोरून पळत जायचे. इतके सगळे जण आणि कुणीच बघत नाही, याची भीती वाटायची. मग आई यायची, मूर्तीच्या तोंडासमोर तोंड येईल अशी पाटावर बसायची आणि एकेक जण जागा व्हायचा. तेव्हा वाटायचं, आता इतके सगळे बघतायत. त्याचीही भीती वाटायची. म्हणजे मी मुळातच भित्री. घोषणा नंतर आल्या.

डोळ्यांच्या कामाला आमच्याकडे आखणी म्हणतात. ती सगळ्यात शेवटी होते आणि मोजक्या हातांनाच जमते. रेघ एकदाच ओढायची, पुसून पुन्हा नाही. आणि तिचा एक नियम आहे. एक डोळा झाला की दुसरा होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. रेडिओ बंद. गन बंद. फोन वाजला तर वाजू द्यायचा. अर्धी मूर्ती सोडून उठायचं नाही आणि बाहेरच्या माणसाला ती दाखवायची नाही. वीज गेली तर कुणीतरी न बोलता बॅटरी धरतं. मी आईला विचारलं होतं, का? ती म्हणाली, "अर्धवट जागं झालेल्याशी बोलू नये. माणूस पण चिडतो, हा तं देव." एवढंच. कारखान्यात याच्यावर कधी कुणी चर्चा केली नाही. अगदी शिवराळ पोरंसुद्धा त्या दोन डोळ्यांच्या मध्ये गप्प असतात.

आणि आता तो अर्धवट जागा झालेला देव पेणच्या चौकात, हॉर्नच्या गदारोळात टांगलेला होता.

बँकेचं नाव मी इथे लिहीत नाही. तिने ते पुरेसं लिहून ठेवलंय. बसथांब्याच्या बाकावर, शाळेच्या पाण्याच्या टाकीवर, रक्तदानाच्या टोपीवर, भजनी मंडळाच्या पखवाजाच्या खोळीवर. गौरीचा नाच आमच्याकडे अंगणात व्हायचा, बाया दमेपर्यंत. आता तो बँकेची स्पर्धा म्हणून रोह्याच्या सभागृहात होतो, छातीवर नंबर लावून, शिट्टी वाजेपर्यंत. बायांना त्यात मजा येत नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या मावशीला बक्षीस मिळालं तेव्हा ती आठवडाभर मान ताठ करून चालत होती. हॉल देतात, माइक देतात, चहा-बिस्किटं देतात. रक्ताची बाटली लागली तर धावून येतात. त्याबद्दल माझं भांडण नाही. भांडण फोटोचं आहे.

खांब गावात एक ताई राहतात. नवरा गेला, तेव्हा बँकेने त्यांना शिलाई मशीन दिलं. देताना फोटो काढला आणि तो फलकावर छापून गोवा हायवेच्या कडेला लावला. रडवेला चेहरा, खाली 'निराधारांना आधार'. पावसाळा गेला, थंडी गेली, फलक तिथेच. ताईंची मुलगी शाळेला निघाली की पोरं तिला 'ए निराधार' म्हणून हाक मारायची. ताई मला म्हणाल्या, "मशीन न्या परत म्हणावं, पण मला तिथून उतरवा." त्यांनी फलक उतरवा असं म्हटलं नाही. मला उतरवा म्हणाल्या.

त्यावर गेल्या आषाढात मी पत्रक काढलं. मथळा होता, 'मदत करा, चेहरा मागू नका.' रोहा स्टेशनवर वाटलं, पेणच्या एसटी स्टँडवर वाटलं, बँकेच्या दारातही वाटलं. त्यातला एक शब्द मी आजही मागे घेणार नाही.

त्याच आठवड्यात आईने भाकरी थापता थापता सांगितलं, नेत्रशिबिरात नाव दिलंय.

"कुठल्या शिबिरात?"

"तुझ्या बँकेच्या."

"माझी कधीपासून झाली?"

"दिवसभर तिचं नाव तूच घेतेस."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गेले दोन हंगाम तिने डोळ्याने कमी आणि हाताच्या सवयीने जास्त आखणी केली होती. कारखान्यात दाराशी बसायची, आत उकडतं म्हणून सांगायची. खरं तर तिला दाराचा उजेड हवा असायचा. आखणीवालीला दिसत नाही हे एकदा बाहेर फुटलं की तिला कुणी बोलावत नाही, आणि तसं तोंडावर कुणी सांगतही नाही. नुसतं बोलावणं येत नाही. मी म्हटलं, सरकारी दवाखान्यात नंबर लावू. ती म्हणाली, नंबर येईतो गणपती बुडतील.

गेल्या आषाढातली भीती मला अजून तिच्या चवीसकट आठवते. तोंडात पितळेची चव यायची. बँकेवाल्यांनी पत्रकावरचं नाव आणि शिबिरातलं आडनाव जुळवलं तर? आईला रांगेतून परत पाठवलं तर? आणि परत न पाठवता ऑपरेशन बिघडलं तर? मी बोंब मारली असती आणि लोक म्हणाले असते, ही तर पहिल्यापासून विरोधातच होती. मग त्याहून वाईट विचार यायचा. सगळं नीट झालं तर? उपकार झालेल्या घरातून पत्रक कसं निघणार? मी रात्रंदिवस हेच दळत होते आणि आई मात्र ऑपरेशननंतर तोंडाला कुठला साबण चालतो ते शेजारणीला विचारत होती.

शिबिरात बँकेचे साहेब रांगेतून येत होते. पांढरा शर्ट, मऊ आवाज. मूळचे आमच्या भागातले नाहीत, बदलीवर आलेले. प्रत्येकाला नाव विचारत होते, म्हाताऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवत होते. आईचं आडनाव ऐकलं आणि थांबले. माझ्याकडे बघितलं.

"पत्रक तुम्हीच लिहिता ना?"

आईच्या डोळ्यांत थेंब घातले होते. ती मान वर करून, डोळे मिटून बसली होती. तिने न बघताच माझं मनगट धरलं.

"भाषा छान आहे तुमची," साहेब म्हणाले. "आमच्या स्मरणिकेला एखादा लेख द्या."

आणि पुढे गेले. त्यांनी धमकी दिली असती तर बरं झालं असतं. धमकीवर पत्रक निघतं. या मऊ वाक्यावर काय काढायचं? ओरडणाऱ्या माणसाला मी कधी घाबरत नव्हते, हे मला त्या रांगेत कळलं. मी या आवाजाला घाबरते.

आईचा उजवा डोळा झाला. चांगला झाला. ते मी लिहिलं नाही तर मी खोटारडी. थेंब, काळा चष्मा, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, असे काही आठवडे गेले आणि मग ती पहिल्यांदा कारखान्यात गेली. कोपऱ्यात आदल्या वर्षीचा एक न विकलेला गणपती होता, तिच्याच हातचा. तिने डावा डोळा झाकला आणि नव्या डोळ्याने त्याच्याकडे बघितलं. बघतच राहिली. मग इतकी हसली की कारखान्याच्या शेठाणी धावत आल्या, ताण पडेल म्हणून.

"अगो, पिवळे हायत डोळे," आई म्हणाली. "दोन वर्षं मी देवांना कावीळ दिली. नि लोकं हात जोडून घेऊन गेली."

शेठाणी म्हणाल्या की लोक तर तेच डोळे मागून नेत होते. नजर शांत असते म्हणत. आई हसायची थांबली. घरी येताना शेताच्या बांधावर उभी राहून तिने मला विचारलं, "शांत मी व्हते, का मोतीबिंदू व्हता?"

त्या दिवसापासून तिलाही भीती लागली. आता घरात आम्ही दोघी भित्र्या.

आणि तेव्हाच साहेब घरी आले. रोह्याला कला सप्ताहाच्या उद्घाटनाला आईने मंचावर बसून सगळ्यांसमोर आखणी करावी, अशी त्यांची इच्छा होती. मी नाही म्हटलं. आई हो म्हणाली. साहेब गेल्यावर मी तिच्यावर चिडले. ऑपरेशननंतर तिने अजून एकही रेघ ओढली नव्हती. एका डोळ्याने दिसतं, एकाने नाही, ब्रश मूर्तीला कधी टेकला तेही नीट कळत नाही. आणि समोर हमरापूर-जोह्याचे सगळे कारखानदार बसणार. तिथे रेघ सुटली तर कायमची सुटली. आई लुगडं घडी करत होती. म्हणाली, "इतकी वर्षं देवाकडं तोंड करून बसले, लोकांकडं पाठ. एकदा बघूंदेत की."

रोह्याला कुंडलिका दुथडी भरून चालली होती. ओल्या वाऱ्याबरोबर कंपन्यांचा उग्र वास सभागृहात येत होता. खुर्च्यांखाली भिजलेल्या छत्र्यांची तळी साचली होती. आई हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली. दिव्यांच्या झोतात ती मला शाळेतल्या पोरीसारखी दिसली, पाठ न झालेली कविता म्हणायला उभ्या केलेल्या. ब्रश हवेत होता तोवर थरथरत होता. टेकल्यावर थांबला. डावा डोळा उतरला. शांत होता का? एका डोळ्यावरून ते कळत नाही.

आणि सूत्रसंचालक माइक घेऊन उड्या मारत आला. "ताई, नवी दृष्टी मिळाल्यावर कसं वाटतंय?"

आई गप्प. ओठ घट्ट मिटलेले. माइक तिच्या हनुवटीला लागलेला. साहेब बाजूला येऊन उभे राहिले, फोटोवाले इकडे बघा, इकडे बघा करू लागले. तिने मान वळवली नाही. समोरच्या ओळीत शेठाणींनी पदर तोंडाला लावला. जोह्याची माणसं खाली मान घालून बसली होती, कुणाच्या तरी घरात नको ते दिसावं तशी. मला उभं राहून ओरडायचं होतं, माइक काढा म्हणून. पण नियम मलाही होता. ओरडले असते तर दोन डोळ्यांच्या मध्ये मीच बोलले असते. मी खुर्चीच्या रेक्झिनमध्ये नखं रुतवून बसले.

"ताईंना भरून आलंय!" सूत्रसंचालक म्हणाला. "जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. फ्लॅश चमकले. आई टाळ्या विरेपर्यंत थांबली आणि मग एका श्वासात तिने दुसरा डोळा ओढला. मला लांबून एवढंच दिसलं की पुढच्या ओळीतल्या माना वर आल्या. परतीच्या एसटीत ती म्हणाली, "हात माझा व्हता. उठताना पाय कुणाचे व्हते ठाऊक नाय." आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. यंदाही तिला आखणीची बोलावणी आली आहेत. लोकांना नजर अजून शांत वाटते, आणि आता ती पिवळी नाही.

मला वाटलं होतं, ते तिथे संपलं. पण त्या टाळ्यांमधला एक फोटो कुणीतरी जपून ठेवला होता. काढणाऱ्याला तो छानच वाटला असणार. आईचा चेहरा उजेडात, साहेब बाजूला, देव समोर. देवाला एक डोळा कमी आहे हे त्याला खटकलं नाही, कारण त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याने कुणाला विचारलं नव्हतं.

यंदा मी हे आईपासून लपवणार होते. निदान शुक्रवारपर्यंत. या शुक्रवारी तिचा डावा डोळा आहे, त्याच शिबिरात. त्या डोळ्याने आता तिला हात हलला तेवढा दिसतो. पण मी घरी पोचायच्या आत रशीदभाई पोचले होते. रशीदभाई आखातात बरीच वर्षं गाडी चालवून परत आले आणि टेम्पो घेतला. हंगामात आमचे गणपती तेच नेतात, खड्ड्यांना शिव्या देत, चालत्या माणसाच्या वेगाने. ते ओटीवर टोपी हातात घेऊन उभे होते.

"भाभी, चौकात देव अर्धा टांगलाय," ते सांगत होते. "तुमच्या हातचा."

आई खाली बसली. स्वतःच्या फोटोबद्दल तिने विचारलंसुद्धा नाही. "पाऊस पडतोय त्याच्यावर?" एवढंच.

मी म्हटलं, उद्याच पत्रक काढते. न विचारता फोटो लावला, फलक उतरवा, माफी मागा.

"उतरवतील नि गुंडाळून टाकतील कुठं कोपऱ्यात," आई म्हणाली. "अर्धाच. ते नाय चालायचं."

"मग?"

"पुरा करायचा."

मी बोलायला लागले आणि थांबेना. बँकेची शाखा तिथेच समोर आहे. फलक त्यांचा आहे. पोलीस बोलावतील. शुक्रवारी नाव काढून टाकतील, मग तो डोळा गेला म्हणून समज. आपल्याला परवानगी नाही. यात तुझंच नुकसान आहे. बोलता बोलता मला ते शब्द ओळखीचे वाटले. कचेरीत टेबलापलीकडून मला जी वाक्यं ऐकवली जातात, ती सगळी माझ्याच तोंडून येत होती, त्याच क्रमाने. रशीदभाई खाली बघत होते. मी त्यांच्याकडे मदतीसाठी बघितलं तर म्हणाले, "आमच्यात चित्रं नाय काढत, त्यातलं मला काय नाय कळत. पण अर्धा माल मी कधी टेम्पोत घेतला नाय."

आईने सगळं ऐकून घेतलं. "तूच लिहितेस ना, गप्प बसणार नाय म्हणून?"

"हो."

"तिथं गप्पच बसायचंय. जमेल का बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारी पावसाने उघडीप दिली. रशीदभाईंनी टेम्पो फलकाखाली उभा केला. आई मागच्या हौद्यात स्टुलावर चढली, काळ्या ऑइल पेंटचा डबा रशीदभाईंच्या हातात. नेहमीचा केसाएवढा ब्रश इथे उपयोगाचा नव्हता, म्हणून तिने दाराच्या चौकटी रंगवायचा ब्रश आणला होता. आणि चढल्यावर कळलं की जवळून तिला काहीच दिसत नाही. फलकाला तोंड लावलं की देव नाही, नुसते रंगाचे ठिपके. लांबून डोळा कुठे हवा ते दिसतं, पण लांबून हात पोचत नाही.

तिने मागे वळून मला शोधलं. मी रस्त्याच्या पलीकडे, चहाच्या टपरीपाशी. मला समजलं. मी तिथून बघायचं आणि सांगायचं. पण बोलायचं नाही. एक डोळा गेल्या श्रावणातच झाला होता. आम्ही सगळे तेव्हापासून दोन डोळ्यांच्या मध्येच होतो.

मी हात वर केला. वर. अजून वर. उजवीकडे. थांब. तिचा ब्रश माझ्या हाताबरोबर सरकत होता. घोषणा देताना ज्या हाताची मूठ होते, तो हात पहिल्यांदाच उघडा होता. पोलीस चौकीकडे बघायचं नाही असं ठरवूनही मी दोनदा बघितलं.

भाजीवालीचं आधी लक्ष गेलं. ती वाशीनाक्याकडची, तिच्या घरीही गणपती रंगतात. तिने वर बघितलं, भाव सांगता सांगता मध्येच थांबली आणि गिऱ्हाइकाला हाताने गप्प केलं. रिक्षावाल्याने गाणं बंद केलं. ज्यांना माहीत होतं ते गप्प झाले आणि ज्यांना माहीत नव्हतं ते त्यांना बघून गप्प झाले. हायवेकडच्या ट्रकचे आवाज येत होते, पण चौकात कुणी बोलत नव्हतं.

बँकेचं काचेचं दार उघडलं आणि साहेब बाहेर आले. तोंड उघडलं. मी एका हाताने आईला दिशा दाखवत होते, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वर बघितलं, मग गप्प उभ्या असलेल्या सगळ्या चौकाकडे बघितलं. त्यांचं तोंड मिटलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला ओळखता आलं, कारण ते रोज आरशात दिसतं. माणसं ओरडत असती तर त्यांना काय करायचं ते माहीत होतं. न बोलणाऱ्या माणसांचं काय करायचं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आईने डावा डोळा मिटून घेतला. बँकेने दिलेल्या डोळ्याने तिने एकदा माझ्या हाताकडे बघितलं, मग फलकाकडे वळली आणि रेघ ओढली. वरची. मग खालची. मग बुबुळ, मग त्यात ठिपका. डोळा किंचित मोठा आला. शांत होता.

तिने ब्रश डब्याच्या काठावर पुसला. "हां साहेब," ती वरूनच म्हणाली. "आता बोला."

साहेब त्या ओल्या डोळ्याकडे बघत होते आणि तो त्यांच्याकडे. "तुम्ही शुक्रवारच्या ना?" ते म्हणाले.

मी टपरीपासून रस्त्यावर उतरले.

"व्हय," आई म्हणाली. "यायचं का नको, तेवढं सांगा."

फलकावरून एक काळा थेंब ओघळला आणि आईने तो पदराने टिपला. साहेबांनी चौकाकडे एकदा बघितलं. "या," ते म्हणाले. "सकाळी काहीतरी खाऊन या, उपाशी नका येऊ." मग जरा थांबून, "आणि ताई, फोटो..."

"दोन्ही डोळे झाले की काढा," आई म्हणाली. "माझे पण. नि आधी मला विचारा."

चौक पुन्हा बोलायला लागला. रशीदभाईंनी हौद्याचं फळकं खाली सोडलं. मी धावत रस्ता ओलांडला आणि हात वर केले, पण आई उतरेना. स्टुलावर उभी, एका हाताने फलकाची दोरी घट्ट धरलेली. मी जवळ गेले तेव्हा दिसलं, तिचे पाय लटलट कापत होते.

"धर गो बाय," ती मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाली. "चढताना भीती नाय वाटली. आता वाटते."